सेकंडहँड स्पोर्ट बाईकचा आवाज अन् फाट्यावरचा बिनपाटीचा मिस्त्री

या गॅरेजला पाटी नाही, त्यामुळे मॅपवर नाव शोधत बसू नका, सापडणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यावरून दिग्रसकडे निघालं की एका फाट्यावर निंबाच्या झाडाखाली टिनाचं शेड आहे, समोर दोन पंक्चर ट्यूब लटकवलेल्या, बाजूला चहाची टपरी, तेच. मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ट्रॅक्टर, डिझेल पंप, स्प्लेंडर, जे येईल ते खोलतात. माझ्यासारखी डूमवाली (समोर प्लास्टिकचं कव्हर असलेली) स्पोर्ट गाडी त्यांच्याकडे महिन्यातून एखादीच येत असेल, म्हणून मीही पहिले गेलो नव्हतो. तीच चूक झाली, अन् त्या चुकीचे तीन आठवडे अन् बरंच टेन्शन मी भरलं म्हणून हे लिहून राहिलो.

गाडीचं आधी सांगतो. एप्रिलमधे नागपूरहून घेतली, १५५ सीसी, लिक्विड कूल्ड, २०१९ चं मॉडेल, मीटरवर २८ हजार किलोमीटर, ८४ हजारात सौदा झाला. कंपनीचं नाव मुद्दाम नाही लिहीत, कारण पुढे कळेलच, कंपनीचा यात काही दोष नाही, जे केलं ते माणसांनी केलं. मी पोचलो तेव्हा गाडी बिल्डिंगखाली उभी, धुतलेली, चमकत होती. इंजिनला हात लावला तर चटका बसला. विकणारा म्हणाला आत्ताच पेट्रोल टाकून आणलं भाऊ, तुमच्यासाठीच. मला वाटलं काय माणूस आहे, पेट्रोल पण टाकून दिलं. आता कळते की गरम इंजिन दाखवणं हा सगळ्यात जुना धंदा आहे, थंड्या इंजिनात जे वाजते ते गरम झाल्यावर अर्धं झाकल्या जाते. ट्रायल मारली, गाडी उडाली, माझं डोकं पण उडालं, पैसे देऊन मोकळा.

येताना बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ असा आलो. (समृद्धीवर टू व्हीलरला बंदी आहे, आपल्याच वावराशेजारून गेलेला रस्ता आपल्याच गाडीला चालत नाही, ते दुःख वेगळं.) दोनशेच्या आसपास किलोमीटर, वाऱ्याच्या आवाजात काहीच ऐकू नाही आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला अन् आंगणात टिक टिक टिक टिक. बाबा बाजेवर बसून होते, म्हणाले, "हे तं आपली शकुंतला झाली न बे." दारव्ह्याच्या मोतीबागेवरून मूर्तिजापूर अन् यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज रेल्वे त्यांनी आयुष्यभर पाहिली, त्यामुळे खडखडणाऱ्या कोणत्याही वस्तूला आमच्या घरी शकुंतलाच म्हणतात. पण त्या दिवशी मला हसू नाही आलं.

आवाज नीट सांगतो, कारण काकांकडे गेल्यावर याच गोष्टींवर सगळं ठरलं. एक होता टिकटिक, सकाळी थंड्या इंजिनवर जोरात, पाच-सात मिनिटांनी कमी होत होत जवळपास बंद. दुसरा होता खळखळ, डब्यात चिल्लर हलवल्यासारखा, चौथ्या गियरमधे साठच्या स्पीडवर ॲक्सिलरेटर सोडला की यायचा अन् परत दिला की गायब. तिसरं आवाज नव्हतं पण सांगतो, यवतमाळच्या सिग्नलवर गाडी गरम असली की आरपीएम खाली-वर व्हायचा अन् कधी कधी गाडी बंदच पडायची, मग लवकर चालू होत नव्हती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे आजकाल पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल असते न भाऊ, सगळ्यांच्याच गाड्या अशा झाल्या. आता इथेनॉलवर सगळंच ढकलता येते हे एक नवीन बरं झालं लोकांना.

गावात एका आवाजाला सात डॉक्टर. कोणी म्हणे बोर-पिस्टन गेला, कोणी म्हणे कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), सेतू केंद्रावर सातबारा काढायला आलेला एक जण तर गाडी न पाहता म्हणाला क्रँक बदला. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहायचो अन् प्रत्येक व्हिडिओतला आवाज मला माझ्याच गाडीचा वाटायचा. एका व्हिडिओत टायमिंग चैनचा टेन्शनर (चैन ताणून धरणारा पार्ट), दुसऱ्यात क्लच, तिसऱ्यात इंजिन बसायला आलेलं. मोबाईलच्या स्पीकरवर सगळेच आवाज सारखे येतात हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली, नाव नाही घेत. एसी, सोफा, कॉफीची मशीन. चाळीस किलोमीटर चालवत नेली म्हणजे गाडी तापलेली. पोरानं स्टार्ट केली, दोनदा रेझ केली, कान पण खाली नाही नेला, अन् कम्प्युटरवर एस्टिमेट काढलं, २३ हजार ५०० रुपये, इंजिन ओपन, बोर किट, टायमिंग चैन सेट, टेन्शनर, क्लच प्लेट, "अन् ओपन केल्यावर अजून काय निघते ते वेगळं सर". मी विचारलं आवाज नेमका कशाचा आहे. म्हणे ओपन केल्याशिवाय नाही सांगता येत. चार मिनिटात एवढं झालं, घड्याळात पाहिलं मी. कॉफी बरी होती.

चौऱ्याऐंशी हजाराच्या गाडीला साडेतेवीस हजार, घरी सांगायची सोयच नव्हती. मित्र म्हणाला एकदा फाट्यावर काकाला ऐकव, ऐकायचे पैसे घेत नाहीत ते.

गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या घरात, डांबर चिकटत होतं. काका डिझेल पंप खोलून बसले होते. मी म्हटलं काका स्टार्ट करून दाखवू का. त्यांनी नुसता हात इंजिनजवळ नेला अन् म्हणाले, "नको करू. तापलेली हाय. बस, च्या पे." मग अर्धा तास प्रश्न. सकाई येते का दुपारी? क्लच दाबला की बदलते का? न्यूट्रलमधे येते का गियरमधेच? चढावर लोड पडल्यावर येते का उतारावर? दोघं बसल्यावर वाढते का? आवाज बारीक हाय का जड? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरंच माहीत नव्हती, तीन आठवडे त्या गाडीवर बसून मी फक्त घाबरत होतो, ऐकत नव्हतोच. काकांनी मला तिथून दिग्रसकडे पाच किलोमीटर पिटाळलं, क्लच दाबून ऐक, चढावर टॉप गियरमधे टाकून ऐक, मग ये.

आलो अन् सांगितलं. क्लच दाबून काही फरक नाही. चढावर लोड दिला तर आवाज नाही, उलट सोडल्यावर येते. काका म्हणाले, "मंग कनेक्टिंग नाई गेलं तुहं. कनेक्टिंग लोडवर ढक ढक करते, जड, पायाले जाणवते, अन् तापल्यावर वाढते कारण ऑईल पातळ होते. तुहा आवाज तं लोड सोडल्यावर येऊन रायला. अन् क्लचनं फरक नाई पडला म्हणजे क्लचची टोपलीबी नाई." एवढं ऐकूनच माझा अर्धा जीव खाली पडला, गाडीला अजून पाना लागला नव्हता. मी विचारलं मग काय आहे. म्हणे, "आज नाई सांगत. गाडी ठेवून जा, सकाई पाचले ये. रातभर थंडी होऊ दे."

सकाळी पाचला मित्रानं सोडलं. काका आधीच हजर, लुंगीवर. डूम अन् दोन्ही बाजूचं प्लास्टिक रात्रीच काढून ठेवलेलं. म्हणाले या गाड्यांमधे अर्धा आवाज प्लास्टिकचाच असतो, अन् बाकीचा अर्धा पण प्लास्टिकला आदळून भलतीकडून आल्यासारखा वाटतो, म्हणून आधी नागडी करायची मग ऐकायची. खरंच डावीकडच्या पॅनेलचा एक रबर बुश नव्हता, तिथला एक थरथर आवाज तर गाडी चालू करायच्या आधीच सुटला.

मग सेल्फ. टिक टिक टिक. काकांनी हातभर लांब पेचकस घेतला, टोक इंजिनवर अन् मूठ कानासमोरच्या हाडावर. डोळे बंद. हेडवर (इंजिनचा वरचा भाग), मग टायमिंग चैनच्या बाजूला, मग खाली क्रँककेसवर, मग क्लच कव्हरवर, एकेक जागी पाच-दहा सेकंद. नंतर पेचकस मला दिला. कानावर ठेवल्यावर जे ऐकू येते ते नुसत्या कानानं कधीच नाही येत, आतमधे एक अख्खा कारखाना चालू असतो. एके ठिकाणी टोक ठेवायला लावलं, तिथे एकदम कोरडं, बारीक, घड्याळासारखं टिक टिक. मी म्हटलं हाच. काका हसले. तो फ्युअल इंजेक्टर होता. "हे मरेपर्यंत असंच वाजन, याले काई नाई करायचं." म्हणजे ज्याला मी तीन आठवडे आजार समजलो त्यातला थोडा भाग गाडीचा श्वास होता.

पण मोठी टिकटिक तिथून नव्हती. काका म्हणाले हेडमधून असती तर पेचकसात ठणठण आली असती, ही बाहेरूनच जास्त येऊन राहिली, आतून नाही. खाली वाकून बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाईप) जिथे हेडला बसतो तिथे बोट फिरवलं, बोट काळं. काजळी. मग बाटलीत साबणाचं पाणी केलं अन् त्या जोडावर ओतलं, पोट्ट्याला सांगितलं सायलेन्सरच्या तोंडाला ओलं गोणपाट दाब. त्यानं दाबल्याबरोबर जोडामधून फस फस फस अन् साबणाचे बुडबुडे, प्रत्येक ठोक्याला एक. मी आयुष्यात एवढं खुश होऊन बुडबुडे नाही पाहिले. दोन नटांपैकी एक अर्धा ढिला, आतलं पॅकिंग दबून चपटं झालेलं. थंडं असलं की गॅस तिथून टिक टिक करत निघतो, गरम झालं की धातू फुगतो अन् फट बंद होते, म्हणून पाच-सात मिनिटांत आवाज कमी. अगदी टॅपेटसारखाच (टॅपेट म्हणजे वाल्वच्या डोक्यावरची फट सेट करायची जागा, ती ढिली झाली की वाजते) वाजतो हा, चांगले चांगले फसतात म्हणे. पॅकिंग सत्तर रुपयाचं.

मला वाटलं झालं. मी तर पाकीट काढलं. काका म्हणाले थांब, आता इंजिन कोमट आहे तर ऑईल काढून पाहू, ऑईल सगळं सांगते.

ऑईल स्टीलच्या ताटात काढलं (ते ताट बहुतेक घरचंच होतं, काकू बोलल्याचं नंतर ऐकलं). उन्हात धरून तिरपं केलं. मग जुन्या स्पीकरचं चुंबक ताटात फिरवलं. चुंबकाला काळी, लोण्यासारखी बारीक पेस्ट लागली, ती म्हणे प्रत्येक गाडीत असते. तुकडा किंवा कीस चिकटला असता तर लोखंड, म्हणजे गियर नाहीतर क्रँकची बाजू, अन् न चिकटता नुसतं चमकलं असतं तर ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन वगैरे. तसलं काहीच नव्हतं. पण दोन बोटांत ऑईल चोळून काका म्हणाले हे दहा-चाळीस नाही, हे भल्लं घट्ट आहे. माझ्या गाडीला मॅन्युअलमधे १०डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल लिहिलेलं आहे. मी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला, झोपेतच होता, म्हणाला हो न भाऊ २०डब्ल्यू-५० टाकलं, हेवी असते, इंजिनसाठी चांगलं. काका फोन ठेवेपर्यंत गप्प बसले अन् मग म्हणाले, "आवाज दाबायले टाकलं त्यानं. घट्ट ऑईल उशीसारखं असते, वाजू देत नाई. आता उन्हाया हाय म्हणून चालून गेलं, थंडीत सकाई वरपर्यंत चढायलेच टाइम लावलं असतं, तेवढा टाइम वरचं सारं कोरडं फिरलं असतं."

मग ऑईल गाळायची जाळी काढली. इथे खरी गोष्ट निघाली. जाळीत लाल-नारिंगी रबरासारखे तीन-चार तुकडे अडकलेले, नखाएवढे. सिलिकॉन. पॅकिंगच्या ऐवजी किंवा पॅकिंगवर कोणी ट्यूबमधलं सिलिकॉन थापलं की जास्तीचं आतल्या बाजूला निघते अन् तुटून ऑईलसोबत फिरते, जाळी भरली की ऑईल वर जात नाही अन् इंजिन खरंच बसते. कंपनीतून असं थापलेलं येत नाही. म्हणजे "इंजिनला पाना लागलेला नाही भाऊ" हे जे मला नागपूरला तीनदा सांगितलं होतं ते तिथेच संपलं. काकांनी हेडकडे पाहिलं, टॅपेटच्या कव्हरच्या काठाला तोच लाल रंग. म्हणाले कोणीतरी वरून उघडली आहे, उघडली म्हणजे टॅपेटला हात लावलाच असणार, गाडी अजून एक रात्र ठेव.

मी म्हटलं काका आत्ताच पाहा न. म्हणे आता कोमट झाली, टॅपेट थंड्या इंजिनवरच पाहायचे. मॅन्युअलमधे पण तसंच आहे, अन् काही कंपन्या तर इंजिन ३५ डिग्रीच्या खाली असावं असं आकडा टाकून लिहितात. आता मे महिन्यात आमच्याकडे सावलीत उभी असलेली, दोन दिवस चालू न केलेली गाडी पण दुपारी ३५ च्या वर असते. मला त्या क्षणाला कळलं की आपल्या भागात उन्हाळ्यात दुपारी गॅरेजवर टॅपेट सेट करून घेणाऱ्या सगळ्यांचे टॅपेट चुकीचे असू शकतात. कोण विचार करते एवढा!

दुसरी पहाट. पोट्टं बॅटरी धरून, काकांनी मॅग्नेटच्या बाजूची टोपी काढून पान्यानं क्रँक हळूहळू फिरवला, टी ची खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) बरोबर रेषेवर आणली, रॉकर (वाल्व दाबणारी दांडी) हातानं हलवून पाहिला की खरंच कॉम्प्रेशनवर आहे का, कारण एक फेरा चुकला तर वाल्व दाबलेला असतो अन् मापच खोटं येते. मग फट मोजायच्या फीलर गेजच्या पट्ट्या. मॅन्युअलप्रमाणे इनटेक ०.१० ते ०.१४ मिलिमीटर अन् एक्झॉस्ट ०.२० ते ०.२४. एक्झॉस्टला ०.२० ची पट्टी गेलीच नाही. ०.१५ ची पण नाही. ०.१२ ची ओढून-ताणून गेली. माझ्या हातात दिली पट्टी, घालून पाहा म्हणे, अशी अडकली जशी जाड वही शाळेच्या भरलेल्या दप्तरात.

म्हणजे टॅपेट ढिले नव्हते, कसलेले होते. मी तीन आठवडे टॅपेटच्या आवाजाला घाबरत होतो अन् माझ्या गाडीत टॅपेटचा आवाज येतच नव्हता, अन् तोच खरा रोग होता. कोणीतरी आवाज कमी करायला म्हणून कसून दिले, वरून सिलिकॉन, वरून घट्ट ऑईल. काका एरवी कमी बोलतात पण इथे पेटले, "ढिला टॅपेट ओरडते, सांगते मले पाहा म्हणून. कसलेला गुपचूप मारते. वाल्व तापला का लांब होते, त्याले लांब व्हायले जागा नसली तं तो पूरा बसत नाई. बसला नाई तं थंडा कुठून होईन? बसल्यावरच त्याची गर्मी हेडमधे जाते न. मंग गॅस फटीतून निघत रायते अन् एक दिवस वाल्व जळून जाईन." सिग्नलवर गरम गाडी बंद पडणं, मग चालू न होणं, ते इथेनॉल नव्हतं, हे होतं. तापल्यावर वाल्व पूर्ण बसत नव्हते तर कॉम्प्रेशन कुठून मिळणार.

माझ्या गाडीला बरं की स्क्रू अन् लॉकनटचे टॅपेट आहेत, पाना-पेचकसानं सेट होतात. केटीएम ३९० सारख्या गाड्यांना शिम (मापाच्या बारीक चकत्या) असतात, ते माप काढून बदलावे लागतात, ते काम काका करत नाहीत, सरळ नाही म्हणतात. ही गोष्ट मला आवडली. चारही सेट केले, लॉकनट कसल्यावर परत पट्टी घालून पाहिली कारण कसताना माप हलते. सिलिकॉन सगळं खरडून नवीन रिंगा टाकल्या.

राहिली खळखळ. ॲक्सिलरेटर सोडल्यावरची. काकांनी टेन्शनर काढून माझ्या हातात ठेवला अन् म्हणाले अंगठ्यानं दाब. दाबला तर पिन खुशाल आत गेली. चांगल्या टेन्शनरची पिन फक्त बाहेर येते, चैन जसजशी ढिली होईल तशी, हातानं दाबून मागे जात नाही. ही मागे जात होती म्हणून लोड सुटला की चैन फडफडायची अन् गाईडवर आपटायची. तो एक पार्ट सर्व्हिस सेंटरच्या यादीत होता हे मान्य करतो, पण २३ हजार ५०० मधला तो एकच खरा निघाला. मी विचारलं बोल्टवाला मॅन्युअल टेन्शनर टाकू का, व्हिडिओत दाखवतात. काका म्हणाले तुझ्यासारख्याच्या हातात बोल्ट दिला की तू आवाज जाईपर्यंत कसत बसशील अन् गाईड खाऊन टाकशील. अपमान होता पण बरोबर होता.

टेन्शनर अमरावतीहून मागवला, एसटीनं आला, तीन दिवस लागले. अन् इथून काकांच्या तक्रारी सुरू, त्या पण ऐका, नाहीतर वाटेल माझे नातेवाईक आहेत.

फोन उचलत नाहीत. तीन दिवसांचा पार्ट आला तरी गाडी सहाव्या दिवशी मिळाली, कारण मधे एक ट्रॅक्टर आला अन् पेरणी तोंडावर होती. मी तिथे उभा राहून माझी गाडी निंबाखाली नागडी अन् कोंबडी तिच्या सीटवर बसलेली पाहत होतो. रागावलो तर म्हणाले, "तुही गाडी नाई चालली तं तू एसटीनं जाशीन. त्याची नाई चालली तं साल जाईन." यावर काय बोलणार. प्लास्टिकच्या बाबतीत हात जड आहे, दोन क्लिपा तोडल्या, तिथे काळी झिप टाय मारून दिली, स्क्रू पण एक दुसऱ्याच मापाचा लावला, नीट पाहिलं की दिसते. गाडीच्या रंगावर जीव असणाऱ्यांनी प्लास्टिक स्वतः काढून न्या. बिल मिळत नाही, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे हिशोब लिहून दिला तो मी जपून ठेवला आहे, टेन्शनर ६४०, त्याचं पॅकिंग ३०, बेंड पाईपचं पॅकिंग ७०, ऑईल ४८०, फिल्टर ९०, टॅपेट कव्हरच्या रिंगा ६०, मजुरी ७००. एकूण २,०७०. जुनं ऑईल त्यांनीच ठेवून घेतलं, शेतकरी बंडीच्या आखाला लावायला नेतात म्हणे.

गाडी घ्यायला गेलो तेव्हाची गंमत राहिलीच. सेल्फ मारला, टिकटिक गायब, पण वरून एक वेगळीच बारीक टकटक, शिवणयंत्रासारखी, आधी नव्हती ती. माझा चेहरा पाहूनच काका म्हणाले, "राहू दे तो. तो टॅपेटचा हाय. जेवढा पाह्यजे तेवढाच हाय. हा बंद कराले कोणाकडे नेशीन तं परत माह्याकडे नको आणू." म्हणजे दोन हजार देऊन मी गाडी जास्त वाजणारी करून आणली. घरी बाबांनी ऐकलं अन् विचारलं दुरुस्त करून आणली का बिघडवून. समजावायला गेलो, वाल्व, गर्मी, जागा, तर ते उठून बैलाला पाणी पाजायला गेले.

आता ऑगस्ट चालू आहे, पोळा जवळ आला, गाडी २,९०० किलोमीटर फिरली. सिग्नलवर एकदाही बंद पडली नाही, गरम असताना अर्ध्या सेल्फमधे चालू होते, ॲव्हरेज ३८ वरून ४३ वर आलं. खळखळ नाही. हजार किलोमीटरला काकांनी जाळी परत काढून पाहायला लावली होती, अजून एक सिलिकॉनचा तुकडा निघाला, लहानसा, त्यानंतर साफ. विकणाऱ्याला सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, दोन निळ्या टिक आल्या, बाकी काही नाही. टिक टिक इथे पण.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा क्लिपांचा कापला. जायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आवाज दाखवायला गाडी तापवून नेऊ नका, आदल्या संध्याकाळी सोडून या अन् पहाटे जा, उजेड पडल्यावर काकांच्या मागे गर्दी लागते अन् मग ऐकायला शांतता राहत नाही. आवाज कधी येते, कधी नाही, क्लच दाबून, लोडवर, उतारावर, हे सगळं आधी स्वतः ऐकून जा, नाहीतर पाच किलोमीटर पिटाळतील. पेरणीच्या अन् सोयाबीन काढणीच्या दिवसात स्पोर्ट गाडी नेलीच तर आठवडा धरून चाला. ऑनलाईन पेमेंट टपरीवाल्याच्या स्कॅनरवर होते. अन् शेडच्या दारात एक काळं कुत्रं झोपलेलं असते, ते काही करत नाही, पण त्याच्याजवळ सायलेन्सर रेझ केला तर दिग्रस रोडपर्यंत मागे लागते, मला दोनदा लागलं.